मागची सीट

३ सप्टेंबर

चालवली! परदेशात गाडी चालवली मी!

सवयीनं उजव्या दारानं चढले, तर समोर स्टिअरिंगच नाही. चिरंजीव हसून लोटपोट. मग वळताना इंडिकेटर द्यायला गेले आणि वायपर सुरू झाला. लख्ख ऊन, आणि माझी काच आपली पुसली जातेय. बावीस वर्षं शाळेची व्हॅन चालवली, पण आज बैलगाडीच्या वेगानं गेले. "आई, उजवीकडे राहा, उजवीकडे," एवढंच तो म्हणत होता.

येताना गाडीचा आंतरराष्ट्रीय परवाना काढून आण, हा हट्ट त्याचाच. मला चेष्टा वाटली होती.

७ सप्टेंबर

आता रोज मीच. आधी नात शाळेत, मग चिरंजीव ऑफिसात, संध्याकाळी उलटी फेरी. सूनबाईला गाडी येत नाही. "तू चालव ना आई, मला तुझ्या शेजारी बसायला आवडतं," म्हणतो.

आज ऑफिसच्या गेटपाशी एकाला मुद्दाम थांबवून सांगितलं त्यानं, "ही माझी आई. हिनं आयुष्यभर गाडी चालवलीय."

हाच तो! लहानपणी माझ्याच व्हॅनमध्ये शेवटच्या सीटवर बसायचा आणि बाकीच्या पोरांसारखा मला 'मावशी' म्हणायचा. व्हॅनवाली आपली आई आहे हे कोणाला कळू नये म्हणून. मी कधी बोलून दाखवलं नाही. आज परतताना डोळे भरून आले, गाडी बाजूला घ्यावी लागली.

१५ सप्टेंबर

नातीचं शाळेत नाटक आहे, अठ्ठावीस ऑक्टोबरला. ती ससा. आणि चिरंजीवांनी काढलेलं माझं परतीचं तिकीट तेवीसचं! म्हटलं, पुढचं का नाही काढलंस? "त्यापुढे सीटच नव्हती गं." असो.

२ ऑक्टोबर

शेजारीण भेटली. मोडकंतोडकं बोलतो आम्ही. म्हणाली, बरं झालं आलात, बिचारा बसनं जायचा. पिऊन चालवताना पकडलं, लायसन्स गेलं — तुम्हाला ठाऊकच असेल.

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

संध्याकाळी त्याला विचारलं. सूनबाई पुसलेलाच ओटा पुन्हा पुसत राहिली.

"सांगितलं असतं तर आली असतीस?"

अरे, धावत आले असते! ड्रायव्हर हवा होता तर तसं सांगायचंस, गेटवर उभं राहून कौतुक कशाला केलंस? केसानं गळा कापला पोरानं.

५ ऑक्टोबर

अबोला. गाडीत फक्त नात बोलते.

११ ऑक्टोबर

सकाळी गाडीत आपणहून म्हणाला, "लाज वाटत होती आई. दुसऱ्या कोणाला बोलावणार? हक्काची तूच."

विरघळले. आईची जातच तशी. संध्याकाळी त्याच्या आवडीचं केलं, दोनदा मागून जेवला. जाऊ दे, माझ्याशिवाय त्याचं अडलं तर खरं.

१८ ऑक्टोबर

जेवताना भलताच खुशीत. बावीसला लायसन्स परत मिळतंय. "बघ आई, सगळं कसं बरोबर जमलं." सूनबाईनं डोळे वटारले, पण त्याचं लक्ष नव्हतं. विचारलं, तारीख कधी कळली तुला? "ती कोर्टानं लायसन्स काढून घेतलं तेव्हाच दिली होती ना."

बावीसला लायसन्स. तेवीसला मी.

म्हणजे सीट होती.

एअरपोर्टवर तो सोडणार म्हणतोय. मी मागच्या सीटवर बसणार आहे. आणि उतरताना म्हणणार — येते हं, काका.