बिस्किटांची शर्यत

१२ फेब्रुवारी, सोमवार

मला शर्यतीचा घोडा केलाच आहे, आता फक्त नाल ठोकायची राहिली आहे.

सकाळी सराव संपल्यावर आमचे मॅनेजर पिकर्सगिलसाहेब यांनी ऑफिसात बोलावलं. मला वाटलं, जूनमध्ये करार संपतोय, त्याबद्दल असेल. टेबलावर बिस्किटांचा डबा. कुठल्याशा बिस्किट कंपनीने फुटबॉलच्या कप फायनलला करमणूक ठेवली आहे. प्रत्येक क्लबातला सगळ्यात वेगवान खेळाडू. शंभर मीटर. आधी फेऱ्या, मग लंडनच्या वेम्बलीवर, सामन्याआधी, आठ जणांची शर्यत. लोकांना तेवढीच गंमत.

"क्रॅगशॉकडून तुझ्याशिवाय कोण जाणार, सेल्विन?"

म्हटलं, शनिवारचे दोन्ही गोल माझ्या पासवर झाले, ते पाहिलंत ना?

"हो, हो. पण पळणं कसं, तुझ्या रक्तातच आहे."

माझं रक्त म्हणजे माझे वडील. बार्बाडोसहून आले तेव्हापासून छत्तीस नंबरची बस चालवतात. स्वतःची बस सुटत असली तरी हा माणूस पळायचा नाही.

१३ फेब्रुवारी

मॉरीनला सांगितलं. ती बटाटे सोलत होती, हसली. "जा की. तेवढंच वेम्बली बघशील."

बघायला तिकीट काढूनही जाता येतं, म्हणालो. मग रात्रभर बोललो नाही. बायकोवर राग काढण्याइतका मी हलका आहे, याची नोंद असावी.

४ मार्च, रविवार

काल शून्य–शून्य. घोट्यापर्यंत चिखल. दुसऱ्या हाफमध्ये मी डाव्या पायाने चाळीस यार्डांचा पास दिला, थेट नॉर्मनच्या छातीवर. एवढ्या चिखलात असा पास या डिव्हिजनमध्ये कोण देतं? नॉर्मनने तो थेट पार्किंगमध्ये पोचवला, ते सोडा.

आजच्या पेपरात पासबद्दल अक्षर नाही. माझा फोटो मात्र आहे. खाली: "क्रॅगशॉचं काळं वादळ वेम्बलीकडे!" या बातमीदाराला मी सात वर्षं ओळखतो. त्याच्या मुलीला मी फुटबॉल शिकवला. वादळ म्हणे.

१८ मार्च, रविवार

फेरी झाली. भाड्याचं मैदान, गार वारा, प्रेक्षक म्हणजे आमच्याच बायका आणि दोन कुत्री. एक गोलकीपर हातमोजे घालून पळाला आणि अर्ध्यातूनच सगळ्यांना मुके फेकायला लागला. त्यातल्या त्यात शहाणा तोच. झेंडी दाखवायला कंपनीने एका माणसाला बिस्किटाचा वेष घातला होता. बिस्किटाला वाऱ्यात उभं राहता येत नव्हतं, दोघांनी धरलं होतं.

मी सावकाश पळून बाद होणार होतो. पण माझ्या गटातले इतके रद्दी निघाले की सावकाश पळूनही पहिला आलो. काय करणार?

दुसऱ्या गटातून मॅडॉक्स आला. पहिल्या डिव्हिजनचा विंगर. उन्हाळ्यातल्यासारखा काळा चष्मा. तीन वर्षांत त्याला कडेवरून गोलपुढे एक क्रॉस धड मारता आलेला नाही, हे टीव्हीवर कुणालाही दिसतं. मला म्हणाला, "चौथ्या डिव्हिजनचा ना तू? वेम्बलीत गर्दी बघून बुजू नकोस हं."

मी हसलो. हसायला नको होतं.

५ एप्रिल

मांडी मागून आखडते आहे. साहेबांना सरळ सांगितलं, मी जात नाही. पाच सामने राहिलेत, वरच्या डिव्हिजनमध्ये बढतीची संधी आहे, पाय त्यासाठी ठेवतो.

साहेबांनी डबा माझ्यापुढे सरकवला. "नको जाऊस. जूनमध्ये मीही तुझा आग्रह धरणार नाही."

कळलं ते असं: अध्यक्षांनी कंपनीला शब्द दिलाय. पुढच्या वर्षी आमच्या मैदानाभोवती बिस्किटांच्या पाट्या लागणार. म्हणजे क्लबचं भवितव्य माझ्या मांडीवर, आणि मांडीला विचारतो कोण?

एक बिस्किट उचललं. मऊ पडलं होतं. तरी खाल्लं.

२१ एप्रिल, शनिवार



आज जिंकलो असतो तर बढती जवळजवळ पक्की होती. एक–शून्यने पुढे होतो. गोल माझ्याच कॉर्नरवर. साठाव्या मिनिटाला खेळाडू बदलायची पाटी वर गेली – अकरा नंबर. मी. मला वाटलं, चुकून. बाजूला जाऊन विचारलं, काय झालं?

पिकर्सगिल हळूच म्हणाले, "उद्यासाठी पाय ताजा ठेव."

उद्यासाठी! बिस्किटांसाठी! शर्यतीचा घोडा पावसात नको म्हणून तबेल्यात बांधला. मी कोट पांघरून बाकावर बसलो आणि शेवटच्या वीस मिनिटांत दोन गोल खाल्लेले पाहिले. दोन्ही माझ्या बाजूने. नॉर्मन आत आला, बूट भिंतीवर फेकला आणि म्हणाला, "उद्या पहिला तरी ये, घोड्या." कुणी हसलं नाही.

मॉरीनला सांगून ठेवलंय – उद्या मी पळणार नाही. बंदूक वाजली की चालत जाईन. खिशात हात घालून, बागेत फिरल्यासारखा. ऐंशी हजार लोक बघोत.

ती म्हणाली, "धावायच्या चड्डीला खिसे नसतात, सेल्विन."

२२ एप्रिल, रविवार

मॉरीन लिहून देते आहे. मी सांगतोय. आडवं पडून लिहिता येत नाही.

ऐंशी हजार कुठले! अर्धे अजून दारूच्या गुत्त्यात, उरलेले मांस भरलेल्या पेस्ट्रीच्या रांगेत. जे आत होते ते आपापल्या संघाची गाणी गात होते. एका गोलपासून दुसऱ्या गोलपर्यंत गवतावर आठ पट्टे आखलेले. माझ्या पाठीवर कंपनीचं नाव माझ्या नावाहून मोठं. माईकवरच्या माणसाने "सेल्विन गिटन्स"चं "गिबन्स" केलं. तेच बिस्किट झेंडी घेऊन उभं.

मॅडॉक्स शेजारच्या पट्ट्यात. चष्मा काढून दिला, माझ्याकडे न बघता म्हणाला, "काल तुला बदलला म्हणे. दमतोस का लवकर?"

मला चालायचंच होतं. देवाशपथ चालायचं होतं. बंदूक वाजली आणि दोन पावलं मी खरंच चाललो. मग त्याची पाठ दिसली.

पुढचं मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं की गवत खूप छान होतं. तिसाव्या मीटरला बाकीचे मागे. साठाव्या मीटरला मी त्याच्या खांद्याला खांदा लावून, आणि त्याचा श्वास ऐकू येत होता, शिटीसारखा. माणूस घाबरला होता. मला इतका आनंद झाला की लाज वाटते. ऐंशीच्या आसपास मांडीत कुणीतरी मागून काठी मारल्यासारखं झालं. मी वळून पाहिलंसुद्धा, कोण ते. मग तोंड गवतात.

लोकांनी तेव्हा पहिल्यांदा आमच्याकडे पाहिलं. थोडे हसले. मग दोन्ही संघ बाहेर आले आणि सगळे उभे राहिले – त्यांच्यासाठी.

मला उचलायला पहिला धावला तो बिस्किटवाला. वरचं डोकं काढलं तर आत पन्नाशीचा माणूस, घामाने निथळलेला. "हलू नकोस बाळा," म्हणत राहिला. त्याला मी मार्चपासून हसत होतो.

२३ एप्रिल

स्नायू पार फाटलाय. डॉक्टर म्हणाले, ऑगस्टच्या आधी बुटाला हात लावायचा नाही. धावणं त्यानंतर बघू.

२५ एप्रिल

क्लबकडून भेट आली. बिस्किटांचा डबा. सोबत कार्ड, पिकर्सगिलांची सही शिक्क्याची. मॉरीनने डबा न उघडता शेजारच्या कुत्र्यापुढे नेऊन ठेवला. मी थांबवलं नाही.

१ मे, मंगळवार

आज दुपारी आयफर प्रॉसर घरी आले. वेल्समधल्या दुसऱ्या डिव्हिजनच्या क्लबचे मॅनेजर. मी त्यांना फक्त फोटोत पाहिलं होतं. स्वयंपाकघरात बसले, चहा घेतला. म्हणाले, डिसेंबरपासून माझे सात सामने त्यांनी पाहिले. चिखलातला तो पाससुद्धा. "पळणारे माझ्याकडे ढीगभर आहेत. चेंडू देणारा हवा होता." जूननंतरच्या कराराचे कागद त्या शनिवारी त्यांच्या खिशात होते. मला साठाव्या मिनिटाला बाहेर काढलं तेव्हा त्यांना वाटलं, दुखापत झाली. म्हणून त्यांनी ठरवलं, सोमवारी चौकशी करून भेटू; पण रविवारीच मी वेम्बलीत पडलो.

"ऑगस्टपर्यंत मला थांबता येणार नाही, पोरा. मालक ऐकायचे नाहीत." मग विचारलं, "इतकं जीव तोडून पळालास कशाला?"

मॅनेजरने पळायला लावलं, असं सांगणार होतो. मॉरीन सिंकपाशी उभी होती. म्हणालो, शेजारचा पुढे जात होता.

त्यांनी मान हलवली, टोपी घेतली. मी कुबड्या घेऊन त्यांना दारापर्यंत सोडायला उठलो.

"बस, बस," ते म्हणाले. "पायावर भार देऊ नकोस."