पाय टेकतात की

तीर्थरूप मामांना, त्यांच्यापेक्षा दोन बोटं उंच असलेल्या भाच्याचा नमस्कार. (ही दोन बोटं मामींनी स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीने खूण करून ठरवलेली आहेत, तेव्हा त्यावर पुन्हा वाद नको.)

तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींना नवा चष्मा मानवला का? दुकानात बूट शिवायला बसताना पाठीशी उशी घेत जा, असं हिने मुद्दाम लिहायला सांगितलं आहे. आम्ही दोघं मजेत आहोत असं पत्रात लिहितात म्हणून मीही लिहितो, पण मंगळवारपासून माझं जेवणाकडे लक्ष नाही. दोन स्कूटरींपैकी कोणती घ्यावी या एका प्रश्नाने माझ्या डोक्याचा पार भुगा झाला आहे आणि त्यावर मला तुमचा सल्ला हवा आहे.

आधी थोडं मागचं सांगतो. हिला गाडी लागते हे तुम्हाला माहीत आहे. बस असो, मोटार असो, दार बंद झालं की हिचा चेहरा पांढरा पडतो आणि पुढच्या थांब्यावर आम्ही दोघं सामानासकट रस्त्यावर. त्यामुळे घाटापलीकडे राहणाऱ्या हिच्या ताईकडे हिचं कित्येक वर्षांत जाणं झालेलं नाही. आता ताई कंबर मोडून अंथरुणाला खिळल्या आहेत. आधी त्या फोनवर रोज विचारायच्या, कधी येतेस. गेल्या आठवड्यापासून त्यांनी विचारायचंच सोडलं आणि ते हिला फार लागलं आहे. स्कूटरवर मात्र हिला काही होत नाही, वारा लागला की खुलते. पण आमची जुनी स्कूटर दोघांना घेऊन साधा पूलसुद्धा कुरकुरत चढते, घाटाचं तर नावच नको. म्हणून लांबच्या पल्ल्याची, मध्यम ताकदीची नवी स्कूटर घ्यायचं ठरलं. ही म्हणाली, घाटात जागोजागी थांबावं लागतं, तेव्हा पाय नीट टेकले पाहिजेत, ते टेकणार असतील तरच मी मागे बसेन, नाहीतर माझं जाणं राहू दे. ही शाळेत मुलांना खेळ शिकवते, त्यामुळे हिचं बोलणं शिट्टी मारल्यासारखं असतं, त्यावर दाद मागता येत नाही.

आता पाय टेकण्याचा विषय आपल्या घराण्यात किती नाजूक आहे हे मी तुम्हाला काय सांगावं. वडिलांकडची सगळी मंडळी ताडमाड, मी तेवढा तुमच्याकडे गेलो. ऑफिसात मी बिलाच्या खिडकीत उंच खुर्चीवर बसतो, पायाखाली लाकडी पेटी असते आणि बाहेरच्या लोकांना मी चांगला भारदस्त वाटतो. (जेवणाच्या सुट्टीत मी उठून बाहेर आलो की तीच माणसं मला विचारतात, मघाचे साहेब कुठे गेले.) ही माझ्याहून चांगली वीतभर उंच आहे, पण लग्नाला इतकी वर्षं झाली तरी त्यावरून तिने कधी अवाक्षर काढलेलं नाही, आणि मीही तो विषय निघू दिलेला नाही.

तर शोरूममध्ये दोन स्कूटरी शेजारी शेजारी उभ्या. करडी उंच, अंगाने सडपातळ, मोठ्या चाकांची, समोर ऐटदार काच. निळी बुटकी पण अंगाने आडवी, सीट पाटासारखी रुंद, मागे पाठीला टेकू, सीटखाली दोन हेल्मेटं मावतील एवढी जागा. मला वाटलं, बुटकी म्हणजे आपलं काम झालं. पण मामा, त्या रुंद सीटवर बसलो की मांड्या इतक्या फाकतात की उरलेला पाय जमिनीपर्यंत जायचं नावच घेत नाही. उंच करडीवर जेवढे चवडे टेकले तेवढेच या रुंद निळीवर टेकले. तिथला विक्रेता अतिशय गोडबोल्या, त्याने भर शोरूममध्ये मोठ्याने विचारलं, साहेब, पाय टेकतात का? चार गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. ही तेव्हा निळीची डिकी उघडून बघत होती. मी करडीवर एका अंगाला सरकून एक पाय जमिनीला लावला आणि म्हणालो, टेकतात की.

या दोन शब्दांनी माझा घात केला. गोडबोल्याने लगेच करडीची किल्ली हातात दिली आणि म्हणाला, वहिनींनाही मागे घ्या, एक चक्कर मारून या. ही दोन्हीकडे पाय टाकून बसली आणि आम्ही निघालो. चालती स्कूटर म्हणजे काय सांगू, लोण्यातून सुरी. पण पहिला सिग्नल दिसला आणि माझ्या लक्षात आलं की मला चालवता येतंय, थांबता येणार नाही. मी वेग असा काही मोजून कमी केला की तिथे पोचेपर्यंत दिवा हिरवा झाला. दुसऱ्या सिग्नलला तीच युक्ती. तिसऱ्याला दिवा लाल दिसला म्हणून डावीकडे वळलो, पुढे पुन्हा लाल म्हणून पुन्हा डावीकडे, आणि असं करता करता शोरूम कुठल्या कुठे राहिलं. खिशात फोन वाजत होता. (गोडबोल्याच असणार, त्याला वाटलं असेल स्कूटर गेली.) मागून हिने विचारलं, आपल्याला मघाशी वळायचं होतं ना? म्हटलं, इंजिन कितपत तापतं ते बघतोय. इंजिनाचं माहीत नाही, माझ्या मानेवरून घाम पाठीत उतरत होता. पडलो तर मला काय लागेल याचा विचार मनात नव्हता. एवढंच वाटत होतं की ही खाली पडली की उठेल, धूळ झटकेल, काही बोलणार नाही, आणि पुन्हा कधीही माझ्या मागे बसणार नाही. आणि ताई तिकडे वाट बघत राहतील.

शेवटी नदीवरच्या पुलाच्या चढावर व्हायचं तेच झालं. समोर लाल दिवा, उजवीकडे ट्रक, डावीकडे कठडा, मागे हॉर्न. ब्रेक दाबला, उजवा पाय खाली सोडला, आणि पायाखाली काहीच लागलं नाही. स्कूटर कलायला लागली. मी डोळे मिटले. मनात हिची माफीसुद्धा मागून झाली.

काही झालं नाही, मामा. डोळे उघडले तर स्कूटर खांब रोवल्यासारखी सरळ उभी. माझा एक पाय हवेत लोंबकळतोय, दुसऱ्याचा नुसता अंगठा टेकलाय आणि गाडी तसूभर हलत नाहीये. याला म्हणतात तोल. मी हिला म्हटलं, बघितलंस, किती पक्की गाडी आहे. ही म्हणाली, हो, आहे खरी. तिथून शोरूमपर्यंत मी हटकून प्रत्येक लाल दिव्याला थांबलो आणि प्रत्येक वेळी तीच जादू. गोडबोल्यालाही मी ते सांगितलं. तो आधी माझ्याकडे, मग माझ्या मागे बघून जरासा खोकला आणि म्हणाला, साहेब, तुमच्या गाडीला मागून आधार फार चांगला आहे.

तरीही दोन्ही बाजू बघाव्यात म्हणून बुधवारी ऑफिस सुटल्यावर मी एकटाच जाऊन निळी चालवून पाहिली. (ही शाळेत होती, सामने चालू आहेत.) त्या गाडीबद्दल न बोललेलं बरं. शोरूमच्या आवारातून बाहेरसुद्धा पडलो नव्हतो, फाटकापाशी थांबलो आणि ती मला घेऊन सरळ कुंडीत आडवी झाली. कोपर खरचटलं, कुंडी फुटली, आणि फाटकावरच्या रखवालदाराने मला काखेत हात घालून उचललं तेव्हा माझे पाय थोडा वेळ पुन्हा हवेत होते. तर निष्कर्ष असा की निळीला तोल नाही, करडीला आहे. हे इंजिनियर लोकांचं काम, त्यातलं आपल्याला काय कळतंय. शनिवारी करडीचे पैसे भरतो आहे. तुम्हाला काय वाटतं ते कळवा, पण शनिवारच्या आत पत्र पोचणार नाही, तेव्हा मला वाटतं तेच तुम्हाला वाटतं असं धरून चालतो.

मामींना नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमचा भाचा

ता. क. : आता खरं काम. गाडी पंधरवड्याने हातात येईल. ही घरी आल्यापासून पाय टेकण्याबद्दल काहीच बोललेली नाही आणि मला त्याचीच धास्ती आहे. ऐन निघायच्या वेळी ती वाकून माझ्या टाचा बघणार. गाडी आपोआप उभी राहते हे कारण तिच्यापुढे टिकणार नाही. मामा, फोटोत तुम्ही मामींच्या बरोबरीला दिसता आणि दाराशी बूट काढले की मामींच्या कानाशी येता, यामागचं शास्त्र मी आजवर कधी विचारलं नाही. ते मला हवं आहे. दोन बोटं जाडीचा तळ, वरून कळणार नाही असा. माझं माप तुमच्याकडे आहेच.

आणखी एक : उत्तर ऑफिसच्या पत्त्यावर पाठवा. हे पाकीट पोस्टात टाकायला हिच्याकडेच देतो आहे. दुसऱ्याचं पत्र वाचायची तिला सवय नाही.

मामा, नमस्कार. पाकीट नीट चिकटलं नव्हतं. यांच्या बुटांचा तळ वाढवू नका, सवय नसताना जिन्यावरून पडतील. पुलावर मी मागून दोन्ही पाय टेकले होते. नंतर प्रत्येक सिग्नलला टेकले, आणि हे सिग्नल शोधून शोधून थांबत होते, त्यात माझ्या उजव्या चपलेचा अंगठा तुटला. यांना सांगू नका, त्या दिवशी ते फार खुशीत होते. पाय टेकले पाहिजेत एवढंच मी म्हटलं होतं, कुणाचे ते म्हटलं नव्हतं. तेव्हा बूट माझ्यासाठी शिवा, घोट्यापर्यंतचे, ओल्या रस्त्यावर न घसरणारे. या कागदाच्या मागच्या बाजूला माझ्या पायाची आकृती काढली आहे. काल ताईला फोन करून येतोय म्हणून सांगितलं. ती घाबरली, म्हणाली, घाटात गाडी चालवणार कोण? म्हटलं, हेच चालवणार. थांबवायचं माझ्याकडे आहे.