खाटकाच्या उतारावरचा पेशंट

हेमलॉक हिल, अप्पर मिशिगन
फेब्रुवारीतला रविवार, जेवणानंतर

तीर्थरूप लेम्पीताईस,

धाकट्या भावाचा, सध्या जेवढं वाकता येतं तेवढं वाकून, नमस्कार. (किती वाकता येतं आणि का, ते पुढे येईलच.) तू ठणठणीत असशील, दाजींचे गुडघे अ‍ॅरिझोनाच्या उन्हात मऊ पडले असतील आणि अंगणातलं संत्र्याचं झाड आंबट का होईना फळ देत असेल, असं धरून चालतो. इकडे आम्ही मजेत. बर्फ स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत आलंय, त्यामुळे माझ्या हेल्मीला आता शेजारणीवर नजर ठेवता येत नाही आणि ती चिडचिड करते. तळ्यावरचं मासे धरायचं खोपटं आमच्या पॅट्रोलमधल्या उर्होने यंदाही भलत्याच जागी नेऊन ठेवलंय आणि मासेच जागा बदलतात असं त्याचं म्हणणं आहे. पत्र लिहायचं कारण असं, की फोनवर तू मला मध्येच तोडतेस, आणि ही हकिकत मध्ये तोडण्यासारखी नाही.

तर तू नोव्हेंबरात फोन केलास तेव्हा माझ्या तोंडात मांस-बटाटा भरलेल्या पेस्टीचा मोठा घास होता. सायमा एका हिवाळ्यापुरती मामाकडे म्हणून आली आणि आता स्की पॅट्रोलमध्ये शिकाऊ म्हणून नाव घालून बसली आहे, ते लाल जॅकेट एकदा तिच्या अंगावर चढलं की ती टेकडी सोडून फिनिक्सला येणार नाही, दातांच्या डॉक्टरकडची नोकरीची खुर्ची किती दिवस रिकामी राहील, आणि तुम्ही दोघं म्हातारी माणसं त्या उन्हात एकटी, असं सगळं सांगून शेवटी तू म्हणालीस, "आर्वो, शिकवणारा तूच आहेस ना? मग तिला कसंही करून नापास कर." मी "हं" म्हणालो. तो घासाचा आवाज होता, पण तू त्याचं वचन करून टाकलंस. आणि एकदा झालेलं वचन तुझ्याकडून परत घेण्याची हिंमत आपल्या घरात बाबांनासुद्धा कधी झाली नाही, तिथे माझी काय कथा. (हे तुझ्यामाझ्यात राहू दे.)

आता पॅट्रोलबद्दल दोन शब्द, कारण तुझ्या तिकडच्या शेजाऱ्यांना वाटतं आम्ही बर्फावरचे पोलीस आहोत. आम्हाला पगार नाही. फुकट कोको मिळतो, आणि लोक घरी शेकोटीशी बसलेले असताना वाऱ्यात उभं राहायची परवानगी मिळते. कोणी पडलं, मोडलं, झाडाला जाऊन मिठी मारली, की त्याला फळ्या बांधायच्या, घसरगाडीत घालायचं आणि उतारावरून खाली आणायचं. गाडीला पुढे दोन लांब दांडे. त्या दांड्यांमध्ये एक जण उभा राहून, पायातल्या स्की आडव्या घासत, गाडीचा सगळा भार आपल्या पाठीवर रोखून धरत उतरतो, आणि मागे दुसरा दोर धरून असतो. ऐकायला सोपं आहे. माझे केस काळे होते तेव्हापासून मी हे करतोय, आणि आपल्या गावात माझ्या हाताखाली न शिकलेला पॅट्रोलवाला शोधून सापडायचा नाही, हे मी गर्वाने सांगत नाही, नुसतं सांगतो. (गर्वानेच सांगतो.)

शिकवताना कोणाला तरी पेशंट व्हावं लागतं, आणि त्या कामात माझा हात धरणारा या अख्ख्या मुलखात नाही. मोडलेली मांडी मी अशी वठवतो, की यंदाच्या शिकाऊंपैकी नव्या चर्चचे पाळकबुवा फळ्या बांधायच्या आधी गुडघे टेकून प्रार्थनाच म्हणू लागले. मी डोळा उघडून म्हटलं, "बुवा, आधी पाय, मग आत्मा." शिवाय आपल्या पॅट्रोलची जुनी चाल तुला आठवतच असेल. परीक्षेच्या दिवशी आपल्या टेकडीवरच्या सगळ्यात उभ्या, खाटीक नावाच्या उतारावरून गाडी आणायची, आणि त्या गाडीत झोपतो तो शिकवणारा. हात आत, छातीवरून पट्टा, वरून कांबळं. ज्याने कच्चं शिकवलं असेल त्याने स्वतःच आधी मरावं, इतका सरळ हिशेब आहे. बाकीच्या टेकड्यांवर वाळूची पोती घालतात म्हणे. पोत्याला कसली आली भीती.

तर तुझं काम. ताई, मी कसूर केली नाही. जी गाडी सारखी डावीकडे ओढते, जिला आम्ही 'सवत' म्हणतो, ती मी मुद्दाम सायमाला दिली. तिने आठवड्याभरात तिला अशी वठणीवर आणली, की आता बाकीच्यांना सवतच हवी असते. पाळकबुवांना मी साधा मुरगळलेला घोटा दिला आणि तिला काय दिलं असेल? दारू पिऊन झाडावर आदळलेला, फक्त फिनिश भाषा बोलणारा, बायकांना हात लावू न देणारा म्हातारा. मी अर्धा तास शिव्या देत, लाथा झाडत लोळलो. तिने ऐकून घेतलं आणि मग तिच्या आजीच्या, म्हणजे आपल्या आईच्या, फिनिशमध्ये मला असं काही सुनावलं, की मी आपोआप सरळ पडलो. आई गेल्यापासून तो आवाज मी ऐकला नव्हता. उर्हो तर टोपी काढून उभा राहिला.

परीक्षा गेल्या शनिवारी झाली. परीक्षक म्हणून पलीकडच्या टेकडीवरून तौनो आला होता. हा माणूस खाणीत सुरक्षा तपासायचा, आणि हसलं तर दातांना थंडी बाधेल अशी त्याची समजूत असावी. त्याचे नियम पक्के. खाटकावर गाडी मध्येच थांबवली की नापास, पुढच्या हिवाळ्यात या. अपवाद एकच. पेशंट झालेल्याला खरोखरच काही झालं, तर त्याने उजवी मूठ वर करायची, की परीक्षा बंद. 'खरं आहे, खरं आहे' असं ओरडलेलं चालत नाही, कारण तसं ओरडण्यात मीच पटाईत आहे. हा मुठीचा नियम मुळात माझ्यामुळेच करावा लागला, हेही मी नुसतं सांगतो.

सायमाची पाळी शेवटची. तू दिलेलं काम उरकायची ही शेवटचीच संधी, म्हणून मी ठरवलं की आज असं पडायचं की तिचे हातपाय थरथरले पाहिजेत. खाटकाच्या माथ्यावर जाऊन मी एक किंकाळी फोडली, दोन्ही हात पसरले आणि स्वतःला झोकून दिलं. वरच्या भुसभुशीत बर्फाखाली काचेसारखा टणक थर होता, तो मला दिसला नाही. उजव्या खांद्यातून कडकन आवाज आला. ताई, इतकी वर्षं मी लोकांची हाडं बांधली, तो आवाज मी ओळखतो. पण मला सांग, उभ्या जागी, स्की न हलवता, नाटक करताना हाड मोडून घेतलं असं तौनोसमोर कबूल कसं करायचं? मी तसाच मांडी धरून कण्हत राहिलो. सायमाने मांडीला फळ्या बांधल्या, अगदी शिकवल्यासारख्या, आणि मला गाडीत घालून हात आत घेतले, पट्टा आवळला. तेव्हा मात्र माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी ओरडलो, "खरंच मोडलंय! अरे, खरंच!" उर्होने मागून टाळ्या वाजवल्या. तौनोदेखील म्हणाला, "यंदा सुधारणा आहे."

गाडी निघाली. प्रत्येक उंचवट्याला माझा जीव वर जाऊन परत येत होता. मूठ वर करावी म्हणून धडपडलो, तर मूठ पट्ट्याखाली, पट्टा कांबळ्याखाली. ताई, इतकी वर्षं आम्ही दोन्ही गोष्टी करत आलोय. पेशंटचे हात आत बांधायचे, आणि काही झालं तर त्याने हात वर करायचा. पॅट्रोलमधल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात हे एकदाही आलं नाही, आणि त्या शहाण्यांचा मुख्य मीच. निम्म्या उतारावर मी ओरडणं बंद केलं, कारण ओरडायला श्वास लागतो.

आणि गाडी थांबली. ऐन खाटकावर, आडवी. तौनो वरून गरजला, "थांबू नकोस! थांबलीस तर नापास." त्या जॅकेटसाठी ती पोरगी अंधार असताना उठून स्कींना मेण घासायची, हेल्मीच्या पायाला पट्ट्या बांधून सराव करायची (हेल्मी भाजी चिरत असायची, तिलाही सवय झाली होती), हे मला माहीत होतं. तिलाही माहीत होतं की मी लबाड आहे. तरी ती दांडे सोडून माझ्याजवळ आली, हातमोजा काढला आणि कॉलरमधून बोटं आत घालून खांद्याच्या हाडावरून फिरवली.

"मामा, तू खोटं दुखतं तेव्हा ओरडतोस," ती म्हणाली. "आत्ता गप्प का झालास?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते वाऱ्याने आलं असं मी सगळ्यांना सांगितलंय, तूही तसंच सांग.

"मूठ वर नाही," तौनो म्हणाला.

"कशी करेल? हात आत बांधायला तुम्हीच लावता ना?"

तौनोने गाडीकडे पाहिलं, पट्ट्याकडे पाहिलं, मग आयुष्यात पहिल्यांदा चूक सापडलेल्या माणसासारखा स्वतःच्या मुठीकडे पाहत राहिला. उर्हो फक्त "अरेच्चा" म्हणाला. तोवर सायमाने पट्टा सैल करून माझा हात झोळीत घेऊन छातीशी बांधलासुद्धा, इतका हलक्या हाताने की मला तिच्यावर ओरडायला जागाच मिळाली नाही. मग तौनो दांड्यांकडे सरसावला. परीक्षा पास न झालेल्याने खरा पेशंट उतरवायचा नाही, हाही नियम. मी म्हटलं, "तौनो, तिच्याशिवाय कोणी दांड्यांना हात लावला तर मी बर्फ वितळेपर्यंत इथेच पडून राहीन." मग तौनोने उर्होच्या हातातून मागचा दोर स्वतःकडे घेतला.

लेम्पीताई, मी आजवर या उतारावरून प्रत्येक शिकाऊच्या गाडीतून डोळे मिटून, दात आवळून खाली आलो आहे. शनिवारी पहिल्यांदा मी डोळे उघडे ठेवले. वर हेमलॉकची झाडं, निळं आभाळ, आणि पुढे तिची पाठ. एकदाही ती पाठ डगमगली नाही, एकदाही गाडीने हिसका दिला नाही, ती मेली सवतसुद्धा गुमान चालली. मी मनात म्हणत होतो, ही माझ्या लेम्पीची पोर आहे आणि हे मी शिकवलंय. छाती भरून आली. (खांद्याचं हाड मोडलेलं असताना छाती भरून येणं फार दुखतं.) खाली पोचल्यावर तौनो म्हणाला, "पास." एवढंच म्हणाला, पण दात दिसले.

तेव्हा तुझं काम माझ्या हातून झालं नाही. मी प्रयत्न केले, हाडसुद्धा मोडलं, याहून जास्त भावाने काय करायचं ते तूच सांग. पण वाईट वाटतंय असं खोटं लिहिणार नाही. तिला नापास करायचं असेल तर दुसरा मामा शोध.

दाजींना नमस्कार. त्यांनी माझ्यावर हसायचं ते थोडक्यात आटपावं.

तुझा,
निम्मा बांधलेला,
आर्वो

ता. क. मूठ आता डावी ठरली आहे आणि डावा हात पट्ट्याबाहेर ठेवायचा आहे. ठरावाला माझं नाव द्यावं असं उर्होने सुचवलं. मी नको म्हणालो, पण फार जोराने नाही.

ता. क. २ लाल जॅकेट मार्चच्या पहिल्या शनिवारी, टेकडीच्या पायथ्याशी, सगळ्यांसमोर चढवायचं असतं, आणि ते घरातल्या वडील माणसाने चढवायचं असतं. त्याला दोन हात लागतात. माझ्याकडे सध्या एक आहे. हेल्मी म्हणते, मी या घरात सून म्हणून आले, हे काम घरच्या लेकीचं. तर विचार कर. तुझा जुना कोट माळ्यावर आहे, हेल्मीने बाहेर काढून वाऱ्यावर टाकलाय.

ता. क. ३ उजवा खांदा मोडलेल्या माणसाने एवढं लिहिलं कसं, असं तुला वाटत असेल. मी लिहिलंच नाही. हेल्मीचे हात पिठात होते, उर्होला सांगितलं तर त्याने 'लेम्पी, आर्वो मोडला' एवढं लिहून पेन खाली ठेवलं. उरली सायमा. तुझ्या नोव्हेंबरातल्या फोनचं तिला त्याच दिवशी कळलं होतं (मी फोनवर तळ्याच्या पलीकडच्या काठावरच्या माणसाशी बोलल्यासारखा बोलतो म्हणे), त्यामुळे लपवायला काही राहिलं नव्हतं. मी सांगत गेलो, ती लिहीत गेली. तिने एक शब्द बदलला नाही, फक्त दोन ठिकाणी पेन ठेवून बाहेर जाऊन आली.

आई, आता हे माझं मी लिहितेय. मामा झोपलाय. तुला मी जवळ हवी आहे, हे तू मामाला सांगितलंस, मामाकडून मामीला कळलं, मामीकडून उर्होला, आणि आता बहुतेक तौनोलाही माहीत आहे. मला मात्र तू फक्त दातांच्या डॉक्टरकडची खुर्ची किती चांगली आहे ते सांगत राहिलीस. जॅकेट चढवायला ये. आणि आल्यावर ते एकदा मला सांग, माझ्या तोंडावर. मी काय उत्तर देईन ते मलाही अजून माहीत नाही. पण मला नापास करवू नकोस, आई. विचारून बघ.

सायमा