पाठीवर शिवलेली अँटेना

आबा, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, आणि आज तुमच्याशिवाय कुणाला सांगावं ते कळत नाही. साताऱ्याचा तुमचा मुलगा सांगलीत म्हातारा झालाय, पण रेडिओची खोड काही सुटली नाही. पुरात बोटी घेऊन जाणाऱ्या पोरांसाठी मी वाकणारी अँटेना करतो. वॉकीटॉकीची दांडी झाडाझुडपात अडकते, मोडते. म्हणून तांब्याच्या जाळीची पट्टी दोन कापडांत शिवून लाइफ जॅकेटच्या पाठीवर बसवली. सहा जॅकेटं त्यांना देऊनसुद्धा टाकली.

काल कृष्णेच्या घाटावर चाचणी होती. मी काठावर सेट कानाला लावून उभा. बोटीतला पोरगा पार पलीकडच्या तीरावरून बोलतोय, आवाज खणखणीत. मग पुरातून म्हाताऱ्या माणसांना काढतात तसं त्यानं भिजलेल्या जोडीदाराला पाठकुळी घेतलं, आणि आवाज गपकन गेला.

"काका, झोपला व्हय? मघापासनं बोंबलतोय मी!" परत आल्यावर तो म्हणाला.

"तुझा सेट मेला आसंल रं."

"आवं, सकाळीच चार्ज केलाय की!"

जोडीदार म्हणाला, "माझ्या वजनानं दबला आसंल त्यो."

सगळे हसले. मीही हसलो. पण मला तिथंच कळलं होतं, आबा. फौजेतून सुट्टीवर आलात की तुम्ही स्वयंपाकघरात आईला रेडिओपुढून मुद्दाम चालायला लावायचात. ती वैतागायची, "आवं, भाकरी करपती तिकडं!" आणि तुम्ही मला म्हणायचात, "बघ, माणूस म्हंजी निम्मं पाणीच. आडवं आलं की आवाज गिळतंय." एवढं ऐकूनही मी पाठच का निवडली? खरं सांगतो, तिथं ती दिसायला छान दिसत होती.

आज सकाळपासून पट्टी खांद्यावर शिवतोय, उसवतोय. खांद्यावर चालेल असं वाटतं. पण खांद्यावर लेकरू बसलं तर? छातीवर घ्यावी, तर वल्हं मारताना घासणार. वर महाबळेश्वराकडं पाऊस लागलाय, नदी चढतेय, आणि ती सहा जॅकेटं तशीच बोटीत आहेत. मी फक्त 'सेट बदला' एवढंच सांगून घरी आलोय.

तुम्हाला हे लिहिणं मला सोपं गेलं, आबा. त्या पोरांना फोन अजून केलेला नाही.