दस्तीखालचा सौदा

१ जानेवारी, सकाळी

यंदा संकल्प एकच. मागच्या वर्षी बरेच केले होते, त्यामुळे लक्ष विभागलं गेलं. यंदा मी गेम मास्टर होणार.

कुरिअरनं फासे आले. एकाला तर वीस बाजू आहेत. अप्पांनी तो उचलून पाहिला आणि सोंगट्या कुठायत म्हणून विचारलं. समजावून सांगितलं. सोंगट्या नसतात, पट नसतो. एक जण अख्खं जग उभं करतो, तो मास्टर. बाकीचे त्या जगातले वीर होतात आणि आपण काय करणार ते बोलून सांगतात. जमलं का फसलं, ते फासा ठरवतो. अप्पा म्हणाले, म्हंजे नुस्त्या गप्पाच की. आडतीत जन्म गेलेल्या वडिलांकडून कल्पनाशक्तीची अपेक्षा करू नये.

लातूरच्या मार्केट यार्डात माणिकप्पा म्हटलं की लोक खुर्ची सोडून उठतात. त्यांचा मुलगा विरूपाक्ष म्हटलं की कोण म्हणून विचारतात. हे यंदा बदलेल. गादीवर मीही बसतो, पण माझं मन तिथे नसतं.

४ जानेवारी

जग तयार. राज्याचं नाव वज्रकंठ. सात राजवंशांचा इतिहास लिहिला. डोंगरावर ड्रॅगन, नाव महाकालाग्नी. त्याच्या ताब्यात बारा गावं. शेवटी वीर त्याच्याशी तुंबळ युद्ध करतील आणि मी त्यांना जेमतेम जिंकू देईन. मंजुश्रीला वाचून दाखवलं. तिने तिसऱ्या राजवंशात गॅस बंद करायला म्हणून उठून जेवणाची ताटंच वाढली. बायकोला भारावून गेल्यावर काय करावं सुचत नाही.

५ जानेवारी, रविवार

पहिला डाव. मंजुश्री जादूगारीण. मित्र महांतेश योद्धा (एरवी मेडिकल दुकान). शेजारच्या मृण्मयी मॅडम तिरंदाज (एरवी कोचिंग क्लासमध्ये बायोलॉजी).

इतिहास वाचून सुरुवात केली. महांतेश चौथ्या राजवंशात झोपला. मृण्मयी मॅडमनी हात वर करून विचारलं की राजधानीत नळाला पाणी किती दिवसांनी येतं. म्हटलं, ही महागाथा आहे. त्या म्हणाल्या, असू द्या, पण धरण तर असंल. धरण मी लिहिलेलं नव्हतं. मग महांतेश जागा झाला आणि टँकर कुठून भरायचा यावर तिघांची चर्चा रंगली. जादूगारिणीने दिवसातला एकमेव मंत्र राजवाड्याची टाकी भरायला वापरला. ड्रॅगनचं नावही कुणी घेतलं नाही.

एकंदरीत डाव अत्यंत यशस्वी. खेळाडू जगात पूर्ण बुडाले. उद्या धरण लिहिणे.

१२ जानेवारी

मोठी बातमी. नांदेडच्या आलोकचा मेसेज. तिथे या खेळाचा त्याचा ग्रुप आहे, फेब्रुवारीत मेळावा भरवणार आहेत. प्रत्येक टेबलाला एक मास्टर हवा. दोन तारखेला तो लातूरला येतोय, आमचा डाव पाहणार आणि पसंत पडलं तर मला बोलावणार. अनुभव किती, असं विचारलं होतं. बराच, असं कळवलं. एका डावातसुद्धा बराच अनुभव येतो.

नांदेडला पाटी लागेल: मास्टर विरूपाक्ष, लातूर. अप्पांना घेऊन जाईन. तिथे कोणी त्यांना ओळखणार नाही. मला ओळखतील.

१४ जानेवारी

बाथरूममध्ये ड्रॅगनच्या आवाजाचा सराव. बाहेर आलो तर मंजुश्री काढा घेऊन उभी. पिऊन टाकला. कलाकाराने घरच्यांशी वाद घालू नये.

१९ जानेवारी, रविवार

दुसरा डाव. अप्पा चष्मा शोधायला आले आणि महांतेशनं त्यांना बसवून घेतलं. अप्पा, तुमीबी या की, म्हणाला. मला विचारायची पद्धत नाही. अप्पांना योद्धा व्हा म्हटलं, साधू व्हा म्हटलं. ते म्हणाले, मी यापारीच बरा हाय.

ड्रॅगन डोंगरावरून गरजला. आवाज छान लागला होता. अप्पांनी शांतपणे विचारलं, हा खातो काय. म्हटलं, गावकऱ्यांची गुरं. किती खातो, कुणाची खातो, उन्हाळ्यात चारा नसल्यावर गुरंच वाळतात तवा काय खातो. माझ्या कागदांत यातलं काहीच नव्हतं. उपाशी राहतो, असं मी बोलून गेलो. अप्पा म्हणाले, मग त्यो वाईट न्हाई, उपाशी हाय. झालं. योद्ध्यानं तलवार म्यान केली. मृण्मयी मॅडमना ड्रॅगनची दया आली. नंतर अप्पांनी दुष्काळात बैल कसे जगवले ते सांगितलं आणि सगळे ऐकत बसले. मी फासा हातात घेऊन बसलो होतो, टाकायची वेळ आली नाही.

वडीलधारे म्हणून चालवून घेतलं. पण पुढच्या वेळी आलोक असेल. युद्ध झालंच पाहिजे.

२६ जानेवारी

सुट्टी. नवा नियम केला: महाकालाग्नी मनुष्यप्राण्याशी बोलत नाही. आता वाटाघाटीचा प्रश्नच मिटला. अप्पांना जेवताना नियम सांगितला. ते म्हणाले, नसंना का बोलत, हाळीच्या बैलबाजारात आमीबी बोलत नव्हतो. काय म्हणायचं होतं ते विचारलं नाही. म्हाताऱ्या माणसांना आठवणी येतात.

२ फेब्रुवारी, रविवार, रात्री

शांतपणे, क्रमाने लिहितो.

आलोक आला. मंजुश्रीनं चुरमुऱ्यांचा सुशीला केला होता, त्याने दोनदा मागून घेतला. डाव सुरू. पाचव्या राजवंशापर्यंत सगळं नीट. ड्रॅगन समोर आला. नियम जाहीर केला. योद्ध्यानं तलवार काढली. मी फासा उचलला. इतक्यात अप्पांनी खांद्यावरचा रुमाल, त्यांची दस्ती, काढून हातावर पसरली आणि तो हात माझ्यापुढे केला.

आलोकला कळेना. महांतेशनं सांगितलं: बैलाचा सौदा असाच होतो. दोघांचे हात दस्तीखाली, तोंडं बंद. बोटं दाबून भाव सांगायचा. बघणाऱ्याला काही कळत नाही. आणि ठरलं की ठरलं. मोडत नाहीत, किती ठरलं ते कुणाला सांगतही नाहीत. आलोक खुर्ची पुढे ओढून बसला.

बोटांची भाषा मला येते. येते म्हणजे, आडत्याचा मुलगा आहे मी, ती रक्तातच असते. अप्पा लहानपणी बाजारात न्यायचे तेव्हा शिकवणार होते, पण मला ऊन लागायचं. नाही येत असं परक्या माणसासमोर, स्वतःच्या वडिलांना, स्वतःच्या टेबलावर कसं सांगायचं. हात घातला.

अप्पांनी तीन बोटं धरली. मी एक दाबलं, म्हणजे एक गाव सोडतो. त्यांनी मनगट धरलं. मी विचार करून अंगठा दाबला. त्यांनी तळहातावर टिचकी मारली. मी, आता आवरतं घ्यावं म्हणून, सगळी मूठ आवळली. अप्पांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. शाळेत असताना प्रगतिपुस्तक हातात घेऊन पाहायचे, तसं. मग दस्ती काढली आणि म्हणाले, झाला सौदा.

आकडा सांगत नसतात, व्यवहार सांगतात. तो अप्पांनी सांगितला. ड्रॅगननं बाराही गावं सोडली. डोंगरही सोडला. पेरणीला तो स्वतः अप्पांच्या शेतात औताला येईल आणि वेसण घरून आणील.

टाळ्या पडल्या. आलोक उभा राहून वाजवत होता. मला बोलता आलं असतं की मला ही बोटं कळत नाहीत. पण दस्तीखालचं मोडत नाहीत. मी ड्रॅगन म्हणून फक्त मान हलवली. फार लाज वाटली. युद्धाचा फासा अजून खिशात आहे.

३ फेब्रुवारी

रात्री उगाच मनाला लावून घेतलं. टाळ्या डावाला होत्या आणि डाव माझा होता.

६ फेब्रुवारी

आलोकचा फोन. मेळावा सोळा तारखेला. अप्पांचा नंबर मागितला. माझ्याविषयी घरच्यांचं मत घेत असावा. मोठ्या ठिकाणी अशी चौकशी होते.

७ फेब्रुवारी

अप्पांना बोलावलंय. मास्टर म्हणून. मला नाही.

अप्पा म्हणाले, मला फाशातलं काय कळत न्हाई, विरूपाक्ष संगं असंल तर येतो. म्हणजे तांत्रिक जबाबदारी माझी. एका अर्थी मुख्य मास्टर मीच.

१६ फेब्रुवारी, रविवार, नांदेडहून परत

पहाटे निघालो. गाडी मी चालवली. अहमदपूरला चहा. अप्पांनी नवी दस्ती घेतली होती, घडी मोडू नये म्हणून मांडीवर धरून बसले होते.

पाटी होती: मास्टर माणिकप्पा, लातूर. त्यांच्या टेबलाभोवती गर्दी मावेना. बाजूच्या टेबलांवर ड्रॅगन वगैरे चालू होते, तिथले लोकसुद्धा उठून इकडे आले. अप्पांनी इतिहास सांगितला नाही. म्हणाले, बाजार भरलाय, ऊन हाय, कोण काय व्हतो ते सांगा. कोणी व्यापारी झाले, कोणी दलाल, एक जण उसाचा रसवाला झाला. सगळ्या भूमिका संपल्या. मी फासे घेऊन उभाच होतो. अप्पांनी विचारलं, बैल व्हायला कोण हाय.

कोणीच हात वर करेना. बैलाशिवाय बाजार कसा. मी बसलो.

बैलाला संवाद नसतात. पण भूमिका मध्यवर्ती आहे. एका मुलीनं दात पाहायला मागितले, दाखवले. दुसरा म्हणाला, अंगानं बरा हाय पण कामाचा वाटत न्हाई. अप्पा लगेच म्हणाले, न्हाई, गुणी हाय, जरा उन्हाला भितो. सगळे हसले. मलाही हसू आलं, पण डोळ्यांत पाणी कशाला यावं ते कळलं नाही. चौदा वर्षं गादीवर बसतोय. गुणी हा शब्द पहिल्यांदा ऐकला, तोही बैलाबद्दल.

मग अप्पांनी दस्ती पसरली. त्या मुलीनं हात घातला. बराच वेळ बोटं चालली. एकदा अप्पांनी मान हलवून नकार दिला, तेव्हा बरं वाटलं. शेवटी सौदा झाला.

परत येताना अहमदपूरच्या पुढे मी अप्पांना सहज विचारलं की मला कितीला विकलं.

अप्पा म्हणाले, ते सांगत नसतेत.