दवाखान्यातलं स्टूल

गुरुवार, संध्याकाळ

घोटावड्याची सुरेखा आज तिसऱ्यांदा आली. पुन्हा कंबरदुखी. दोनदा मी गोळ्या देऊन पाठवलं होतं.

वेळ वाचावा म्हणून पुढच्या पेशंटला मी आधीच आत स्टुलावर बसवते. आज ती शेवटची, स्टूल रिकामं. त्याच्याकडे बघत म्हणाली, "मॅडम, कंबर न्हाई दुखत. बाळंतपणापासनं नवऱ्याजवळ गेलं की लई दुखतंय. त्यो आता बोलतबी न्हाई."

तपासलं. टाक्यांची जागा आवळली आहे, उपाय आहे. पण आधी का नाही सांगितलंस म्हणून मी तिच्यावरच चिडले. मी तरी कधी विचारलं होतं?

ती म्हणाली, "दोन्ही येळंला स्टुलावर माझी सासू व्हती."

बीपी तपासायला आलेली. बाहेर उभ्या कशाला, आत बसा, असं मीच म्हणाले होते.