मुल्त्यांची गुप्त जागा

१७ जून
जागा सापडली! टेकडीमागच्या दलदलीत पांढऱ्या फुलांचा नुसता सडा. एका काडीवर एकच फूल, एका फुलाचा एकच मुल्ता, दलदलीतलं ते सोनेरी रानफळ. हिशेब सरळ.
जेवताना जाहीर केलं, मार्तेच्या लग्नात सायीत घालायचे मुल्ते तिचा बाप आणणार. विकतचे नाहीत, आजोबांचेही नाहीत. सासऱ्यांनी, म्हणजे मार्तेच्या आजोबांनी, इंगवाल्डमामांनी विचारलं, कुठून? सांगितलं नाही. मी दक्षिणेकडचा म्हणून मामांनी तरी मला स्वतःची जागा कधी दाखवली?

२३ जून
गावाची शेकोटी. मी म्हटलं, यंदा फुलं कुठेच नाहीत. सगळे खूप हसले. पटलेलं दिसतंय.

६ जुलै
पाकळ्या गळल्या. फळ नाही. मामांकडे म्हणे लालचुटुक कच्चे मुल्ते धरलेत. माझी जात उशिराची असावी. उशिराचं ते गोड.
तुरिड म्हणते, बाबांना एकदा विचारा. बायको असली तरी शेवटी त्यांचीच मुलगी.

१९ जुलै
पाळत सुरू. इथे सूर्य मावळत नाही, त्यामुळे चोरांनाही सुट्टी नाही. माग लागू नये म्हणून उलटा चालत गेलो. कमरेपर्यंत रुतलो. एक बूट दलदलीला अर्पण.

३० जुलै
नुसती पानं. चोरी, दुसरं काय! मामांचा जुना कोट घालून बुजगावणं उभं केलं.

९ ऑगस्ट, सकाळ
उद्या लग्न. बादली घेऊन गेलो. बुजगावण्याशेजारी मामा कॉफी पीत बसलेले, कोट परत अंगात.
म्हणाले, "जावईबापू, ही सगळी नर झाडं. फुलतात झकास, फळ मादीला. गाव या जागेला ब्रह्मचाऱ्यांची दलदल म्हणतं."
आधी का नाही सांगितलंत, म्हणून मी तडकलो.
"तुमची जागा गुप्त होती ना. आम्ही कसं बोलणार?"
गावची रीतच तशी, दुसऱ्याच्या जागेबद्दल कुणी बोलायचं नाही. मग त्यांनी सोनेरी मुल्त्यांनी भरलेली बादली माझ्या हातात दिली आणि माझी रिकामी स्वतः उचलली. मला रडू आलं. डास फार होते.

१० ऑगस्ट
मार्तेने भर मांडवात आभार मानले. आजोबांचे. जो तो मला ब्रह्मचाऱ्यांची खुशाली विचारत होता.
नवा जावई ओस्लोचा, त्याला काहीच कळेना. हळूच म्हणाला, बाबा, तुमची जागा दाखवाल का?
फार बरं वाटलं. मुळीच नाही म्हणालो.